मोहाचा वास

९ मार्च, रविवार

दिव्यानी आज क्लासच्या सराव परीक्षेत बाकावरून खाली पडली. साखर उतरली. लहानपणापासून मधुमेह असलेल्या, रोज सुई टोचून घेणाऱ्या मुलीची साखर कधीतरी उतरते, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पण तिच्या क्लासच्या सरांना कळत नाही. त्यांनी मला फोनवर काय सांगावं? "मॅडम, तुमची मुलगी पेपरात झोपली." मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, घामाने चिंब, आणि मागची पोरं फिदीफिदी हसत होती. तिच्या जवळची साखरेची पुडी सरांनी आधीच काढून घेतलेली. का, तर खऱ्या परीक्षेत खिशात काही चालत नाही, आतापासून सवय हवी.

मी त्यांना इंग्रजीत जे सुनावलं ते त्यांना निम्मं कळलं असेल. उरलेलं निम्मं मराठीत सुनावलं.

रिक्षा घराजवळ आल्यावर पोरगी म्हणाली, "सगळे पाहून राह्यले होते, बाई."

"पाहू देत. तू काय चोरी केलीस?"

"आता सगळ्यायले माहीत झालं."

चामोर्शीजवळच्या तिच्या गावात हा आजार आईबापांशिवाय कुणालाही ठाऊक नाही. तिची आई गुणाबाई तिला इथे गडचिरोलीला माझ्याकडे सोडायला आली तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती, "बाई, हे कोणाले सांगू नोका. पोरीचं लगन व्हायचं हाये." तेव्हाही मी सुनावलं होतं.

तिचा बाप हेमराज टेलिफोन एक्सचेंजला माझ्या हाताखाली लाइनमन होता. खांबावर चढून माझ्या शिव्या ऐकणारा एकमेव माणूस. त्याची पोरगी डॉक्टर व्हायचं म्हणते, म्हणून वरची खोली मी तिला दिली. मागच्या वर्षी प्रवेश थोडक्यात हुकला. यंदाची परीक्षा शेवटची, असं हेमराजनं स्पष्ट सांगितलं आहे. यंदा नाही, तर लग्न.

म्हणून आज तिला समोर बसवून बजावलं, "परीक्षेत साखर उतरता कामा नये. काहीही कर, पण उतरू द्यायची नाही. समजलं?"

तिनं मान हलवली. पोरगी आज्ञाधारक आहे, एवढं एक बरं.

१८ मार्च

परीक्षेच्या नियमांत आहे की मधुमेही विद्यार्थ्याला फळं, साखरेच्या गोळ्या आणि पाण्याची पारदर्शक बाटली आत नेता येते. मात्र डॉक्टरांचा दाखला हवा. दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात गेले. तिथला बाबू म्हणतो, "असा दाखला आमी कधी देल्लाच नाई." मी म्हटलं, "मग आज शिका." तो म्हणाला, साहेब दौऱ्यावर आहेत. मी म्हटलं, साहेब दौऱ्यावर असतात तेव्हा तुम्ही कुणाच्या खुर्चीत बसता ते मला दिसतंय. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. कागद टेबलाच्या खणात गेला. बघतेच कसा देत नाही.

दिव्यानी दारात उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, गोड बोलून पाहिलं असतं तं?"

गोड बोलून या देशात काही मिळालं असतं, तर मी गोड बोलायला शिकले नसते का?

३० मार्च, रविवार

पुन्हा सराव परीक्षा. काही झालं नाही. पूर्ण वेळ बसली, पेपर सोडवला, तिसरी आली. माझं सांगणं कामी आलं. घरी येऊन उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायली, मग आणखी एक तांब्या. ऊन फार झालं आहे.

"आज काही त्रास?"

"नाई, बाई. मी पाह्यलं बरोबर."

काय पाहिलं ते विचारलं नाही. हसत होती.

१३ एप्रिल

शेजारच्या रुखमानं अंगणभर मोहाची फुलं वाळत घातली आहेत. पहाटेपासून तो गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास. तिला भिंतीवरून म्हटलं, "रुखमा, हे लाडवांसाठीच ना?"

"मंग कायच्यासाठी, बाई?" ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेला.

दारूबंदीच्या जिल्ह्यात कोण काय गाळतं हे पोलिसांच्या आधी शेजाऱ्यांच्या नाकाला कळतं. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून तोंडाचा वास घ्यायच्या. चिंच खाल्ली की पट्टी. ते नाक मला मिळालं आहे.

दिव्यानी वाळली आहे. पंजाबी ड्रेस अंगात लोंबतो. अभ्यास आणि ऊन. सारखी पाणी पिते, सारखी उठते. मी तिच्या खोलीत माठ ठेवून दिला, म्हणजे जिने चढणं-उतरणं वाचेल. सुयांच्या बाबतीत मात्र आता मोठ्या माणसासारखी वागते. पूर्वी महिना संपायच्या आत मला औषधाच्या दुकानात पिटाळायची. यंदा फ्रिजच्या दारातला डबा अजून भरलेला आहे.

२४ एप्रिल

दाखला मिळाला. मी थेट मोठ्या साहेबांच्या गाडीसमोर उभी राहिले. सही झाली. बाबूनं कागद माझ्याकडे असा फेकला जणू त्याच्या घरचा होता. पण मिळाला. पोरीला आणून दाखवला. तिनं दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि परत माझ्याच हातात दिला. "तुमच्याकडेच राहू द्या, बाई."

आनंद नाही, काही नाही. हल्लीची मुलं.

२९ एप्रिल

आज जीवशास्त्राची उजळणी घेतली. मी पुस्तक धरायचं, विचारायचं, तिनं उत्तर द्यायचं. पोरीचं पाठांतर पाहून मला माझेच जुने टेलिफोन नंबर आठवले, मी मान वर न करता सांगायचे. ग्रंथी, संप्रेरकं, सगळं धडाधड. मग विचारलं, "इन्सुलिन कमी पडलं तर शरीरात काय होतं?"

थांबली. खिडकीबाहेर पाहू लागली.

"दिव्यानी."

"रक्तात साखर वाढते."

"पुढे?"

"पुढचं विचारा ना, बाई."

"पुढचं नाही. हेच. हानिकारक पदार्थ तयार होतात, इथे लिहिलंय. किटोन. तुझ्या स्वतःच्या आजाराचा धडा आणि तोच येत नाही?" तिला ते वाक्य दहा वेळा लिहायला लावलं. लिहिलं बिचारीनं. अक्षर वाकडं आलं होतं. जेवली नाही. पोट दुखतं म्हणाली. परीक्षा जवळ आली की सगळ्यांचंच पोट दुखतं.

२ मे, शुक्रवार



संध्याकाळी पोळ्या लाटत होते. दिव्यानी पाणी घ्यायला माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिच्या तोंडाला वास आला. गोड, आंबूस, तोच. मी तिचा दंड धरला. "तोंड उघड."

"काऊन?"

"उघड म्हणते ना."

शंकाच नको. डोळे तारवटलेले, ओठ सुकलेले, उभं राहताना तोल जात होता. दुपारी उलटीही झाली होती, ती मी उन्हावर ढकलली.

"रुखमाकडे गेली होतीस?"

"नाई."

"खोटं बोलू नकोस. तीस वर्षं मी माणसांचे आवाज ऐकलेत. खोटं मला तारेतून कळायचं."

"मी कायले पिऊ, बाई? मले परीक्षा हाये."

तिची खोली झाडली. गादी उलटी केली, बॅग ओतली, माठात हात घालून पाहिला. काही सापडलं नाही. मग रुखमाच्या अंगणात जाऊन सगळ्या आळीसमोर तिला विचारलं, की कोवळ्या पोरींना हे विष कधीपासून पाजतेस. रुखमा शपथा घेऊ लागली. "माया लेकराची आन, बाई, तुमची पोरगी माया अंगणात पाय नाई ठेवत!"

वर आले तर दिव्यानी ओतलेल्या पुस्तकांमध्ये बसली होती, रडतही नव्हती. मी म्हटलं, "तुझ्या बापानं विश्वासानं पाठवलं. परवा परीक्षा, म्हणून त्याला आज सांगत नाही. पण माझ्याशी बोलू नकोस."

मी या मुलीसाठी कुणाकुणाशी भांडले!

३ मे, शनिवार

दिवसभर बोलले नाही. ताट वर पाठवलं, तसंच खाली आलं.

दुपारी ती जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून. "बाई, एक सांगू काय?"

"परीक्षा झाल्यावर सांग."

मग वर गेली. एकेका पायरीवर थांबत गेली. नाटकं.

५ मे

चंद्रपूर. सरकारी दवाखाना. बाकड्यावर बसून लिहिते आहे. ती आत आहे, तिथे मला सोडत नाहीत.

जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल.

काल सकाळी भाड्याच्या गाडीनं निघालो. परीक्षेचं केंद्र चंद्रपूरच्या बाहेर, घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक शाळा. कोळशाचे ट्रक, धूळ, वर आग ओकणारं ऊन. ती मागच्या सीटवर आडवी. हेमराज येऊ शकला नाही, तेंदूची पानं गोळा करायच्या फडीवर होता. मी तिच्याशी बोलत नव्हतेच.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं केळी अडवली. मी दाखला काढला. तो म्हणाला, खायचं काही चालत नाही. मी नियम वाचून दाखवला, इंग्रजीत, मग मराठीत, मग हिंदीत. मागे रांग खोळंबली. दिव्यानी माझी बाही ओढत होती. "हळू बोला ना, बाई. राहू द्या. मले नाई लागत ते."

"लागत नाही कसं? नियम आहे!"

शेवटी कुणी साहेब आला, कागद पाहिला, केळी आत गेली. मी जिंकले. ती आत जाताना वळून पाहत होती. मी हात केला नाही, कारण मी रागावलेली होते.

पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. लाउडस्पीकरवर तिच्या पालकांना बोलावलं. ऑफिसात ती बाकावर पडली होती. पर्यवेक्षकानं मला बाजूला घेतलं, आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, आम्ही पोलिसांना कळवलं नाही. मुलीचा प्रश्न आहे. पण वर्गात उलटी केली, आणि तोंडाला वास येतोय."

आणि मी म्हणाले, "हो. परवापासून मलाही येतोय."

हे मी म्हणाले.

मग त्यांनी पंखा मोठा केला. कुणी लिंबू आणायला गेलं. उतरेल, म्हणाले. मी तिच्या शेजारी बसलेही नाही. समोरच्या खुर्चीवर बसले, तोंड फिरवून. तिचा श्वास ऐकू येत होता, पडल्या पडल्या धावत आल्यासारखा, खोल. तो ऐकत मी विचार करत होते की हेमराजला कोणत्या शब्दांत सांगावं. केळी तिच्या पायाशी पिशवीत तशीच होती. पेपर सुटल्याची घंटा झाली तेव्हा मी तिला हाक मारली. तिनं डोळे उघडले नाहीत. हलवलं. तरी नाही.

दवाखान्यातली डॉक्टर मुलगीच होती, माझ्या वरच्या खोलीत राहील अशा वयाची. तिनं वाकून दिव्यानीचा श्वास ऐकला आणि लगेच मान वर केली. "हा वास कधीपासून येतोय?"

"दारूचा?"

"दारूचा नाही हो, आजी. किटोनचा. इन्सुलिन बंद आहे का हिचं?"

बोटातून रक्त काढलं. साखर इतकी वर होती की मशीननं आकडाच दिला नाही.

६ मे

शुद्धीवर नाही. हेमराज आणि गुणाबाई आले आहेत. तेंदूच्या पानांनी हेमराजचे हात काळे झालेले, ते धुवायचंही त्याला सुचलं नाही. मला एक अक्षर विचारत नाहीत. गुणाबाईनं उलट मलाच चहा आणून दिला.

केंद्रावरच्या लोकांना मी सोडणार नाही.

१० मे

डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात, वाचली. मी बाहेर येऊन फाटकापाशी उभी राहिले. तिथला पहारेकरी म्हणाला, "बाजूला व्हा, मावशी." मी बाजूला झाले.

१४ मे

आज थोडा वेळ बसू दिलं. हातात नळ्या, चेहरा एवढासा. विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. विचारलं.

"सुई का नाही घेतलीस?"

"घेत होती ना. कमी घेत होती. एका टेस्टले कमी घेऊन पाह्यली, तं नाई उतरली साखर. मंग तसंच केलं. परीक्षेच्या हप्त्यात बंदच केली." धाप लागली, थांबली. "तुमीच म्हणल्या होत्या ना बाई, काईही कर, पण उतरू द्यायची नाई."

दोष देत नव्हती. सांगितलेलं काम केलं, एवढंच कळवत होती.

"अगं, पण मला सांगायचं तरी!"

"सांगाले आली होती ना. शनिवारी."

खिडकीबाहेर कुणीतरी ॲम्ब्युलन्सच्या छतावर पाणी मारत होतं. मी ते पाहत बसले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बायलॉजी पुरं झालं होतं, बाई. फिजिक्सवर आली तं अक्षरं हलाले लागली."

फ्रिजमधला तो भरलेला डबा. मी रोज दूध काढताना तो बघत होते. बघून खूश होत होते.

२० मे

हेमराज तिला घरी घेऊन गेला. मी म्हटलं, गडचिरोलीला आण, मी काळजी घेईन, पुढच्या वर्षी पुन्हा बसेल, आता सगळं कळलं आहे. तो खाली मान घालून उभा. खांबावरून उतरल्यावर माझ्यासमोर उभा राहायचा तसाच.

"मॅडम, पोरगी जित्ती हाये. भरपूर झालं."

त्यानं मला एक शिवी दिली असती तर मी त्याचे उपकार मानले असते.

२८ मे

केंद्राविरुद्ध तक्रार लिहिली. चार पानं, इंग्रजीत. चांगली झाली आहे. त्यात एक वाक्य आहे, की आजारी मुलगी आणि दारू प्यायलेली मुलगी यांतला फरक कुठल्याही शहाण्या माणसाला कळायला हवा होता.

सही करायला पेन उचललं. ते वाक्य पुन्हा वाचलं. पेन ठेवलं.

संध्याकाळी हेमराजचा फोन. गावात बोभाटा झाला आहे. मुलचेऱ्याकडचा एक मुलगा त्याच वर्गात परीक्षेला होता. त्यानं येऊन सांगितलं, की हेमराजची पोरगी मोह पिऊन पेपरला बसली होती, सरांनी धरून बाहेर काढली. मी म्हटलं, "मी उद्याच येते. चावडीवर उभी राहून सांगते सगळ्यांना खरं काय ते."

"येऊ नोका, मॅडम," तो म्हणाला. आणि त्यानं, हेमराजनं, माझा फोन ठेवला.

८ जून

गुणाबाई आली होती. फ्रिजमधलं इन्सुलिन न्यायला. ओल्या फडक्यात गुंडाळलं, स्टीलच्या डब्यात घातलं, डबा पिशवीत आणि वर मेथीच्या जुड्या. कुणाला दिसू नये म्हणून. पोरगी आता वेळेवर सुई घेते, म्हणाली, न्हाणीत जाऊन.

"पुस्तकं?" मी विचारलं. बांधून ठेवली होती.

"राहू द्या, बाई. कोणाच्या कामी पडतीन."

मला राहवलं नाही. "गुणाबाई, अगं लोक तिला दारुडी म्हणतात! सांगून टाका ना आजार आहे म्हणून. यात लाज कसली?"

ती पिशवीचे बंद आवळत होती. "म्हणू द्या. दारू सुटते, बाई. लगन झालं का सुटते म्हणतेत लोकं, पाहुणेबी मानतेत. हे सुटत नाई ना." मग माझ्याकडे बघून हात जोडले. "तुमचे लय उपकार हायेत. पण तुमी आता गप राहा. एवढं करा."

आयुष्यात मला हे पुष्कळांनी सांगितलं आहे. हात जोडून कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना भिंतीपलीकडून रुखमा आमच्याकडे पाहत होती. तिच्या अंगणात आता फुलं नाहीत, सारवून लख्ख केलं आहे. मी त्या दिवशी तिला जे बोलले ते परत घ्यायचं, तर कारण सांगावं लागेल. मान खाली घालून पुढे गेले.

गुणाबाईला सोडायला स्टँडवर गेले. चामोर्शीची बस लागली होती. तिच्याच गावची एक बाई आधीच खिडकीत बसलेली. मला खालीवर पाहिलं, मग गुणाबाईला विचारलं, "ह्याच काय त्या बाई? यायच्याचकडे राहे ना तुई पोरगी?" आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे वळून, हसत, "खरंच प्याली होती काय वो पोरगी?"

गुणाबाईनं पिशवी छातीशी धरली.

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. दोन्ही भाषांत तयार होतं. मी बसच्या पाटीवरची अक्षरं वाचत राहिले. चामोर्शी. चामोर्शी.

त्या बाईनं समजायचं ते समजून घेतलं आणि "अगाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

बस हलली तेव्हा गुणाबाईनं खिडकीतून मला पुन्हा हात जोडले. मोकळा झालेला चेहरा होता तिचा.